स्कोअर ७६८, नकार चार: क्रेडिट कार्डाच्या एका अर्जाची उलटतपासणी

अर्जदार ३२ वर्षांचा. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात सहा वर्षं कायम नोकरी. हातात पडणारा पगार ४३,५०० रुपये, राहायला वडिलांचं घर. मोबाइलमधल्या एका ॲपवर क्रेडिट स्कोअर, म्हणजे उधारी फेडण्याच्या सवयीला मिळणारे गुण, ७६८, हिरव्या पट्ट्यात. २ जून २०२५ रोजी त्याने तो आकडा पाहिला आणि आता क्रेडिट कार्ड काढायला हरकत नाही असं ठरवलं. १६ जूनपर्यंत चार बँकांनी नकार कळवला होता.

हे प्रकरण नमुन्यादाखल बांधलेलं आहे. त्यातली माणसं, रकमा आणि स्कोअर उदाहरणाचे आहेत. नियम, मुदती आणि कायद्याची कलमं खरी आहेत. अशा नोंदी कर्ज विभागात बसणाऱ्याला नव्या नाहीत, फक्त त्या सहसा एकाच फायलीत एवढ्या दाटीने येत नाहीत.

दोन आठवड्यांत काय घडलं

४ जूनला पहिल्या बँकेच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. पॅन, आधार, ओटीपी, आणि पाचेक मिनिटांत नकार. ९ तारखेला मॉलमध्ये कार्डाचं टेबल मांडून बसलेल्या एजंटाने ‘सर, इथे नक्की होईल’ म्हणत एक फॉर्म भरून घेतला आणि दोन ओटीपी मागितले. दोन ओटीपी म्हणजे दोन बँका, हे त्या वेळी लक्षात आलं नाही. खरं तर संध्याकाळी अहवाल पाहिला गेल्याचे दोन वेगवेगळे एसएमएसही आले होते. कोणी तुमचा पतअहवाल, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदींचा उतारा, उघडला की ब्युरोने (तो ठेवणाऱ्या पतमाहिती कंपनीने) एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२३ चा आदेश आहे. लोक हे एसएमएस जाहिरात समजून सोडून देतात. १६ तारखेला तो पगार जमा होतो त्या बँकेच्या शाखेत गेला. तिथे ओळख होती, सॅलरी स्लिपही होत्या. चौथा नकार तिथून आला.

नकाराचं पत्र चारही ठिकाणी जवळपास एकच होतं: आमच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही. एवढ्यावर थांबायचं कारण नाही. कार्डाचा अर्ज फेटाळला तर मुख्य कारण लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. अर्जदाराने पगाराच्या बँकेला अर्ज क्रमांक घालून दोन ओळींचा ईमेल पाठवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘सिबिल अहवालातील थकीत खाते’. त्याच्या माहितीत त्याचं एकही खातं थकलेलं नव्हतं.

मुळात किती स्कोअर लागतो

रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डासाठी कुठलाही किमान स्कोअर ठरवलेला नाही. प्रत्येक बँकेची रेघ वेगळी, ती जाहीर होत नाही आणि बाजार बघून वरखाली होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या क्रेडिट कार्डांवरच्या उधारीचं जोखीमभारांकन १२५ वरून १५० टक्के केलं. म्हणजे तेवढ्याच उधारीसाठी बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं, आणि अशा वेळी हात आखडता होतो. ढोबळमानाने सांगायचं तर ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७५० च्या वर अर्ज सहज पुढे सरकतो. ७०० ते ७५० मध्ये पगार, कंपनी आणि बँकेशी असलेला जुना व्यवहार बघितला जातो. ७०० च्या खाली बिनतारण कार्ड मिळणं अवघड.

पण रेघ ओलांडली म्हणजे कार्ड मिळालं, असं नाही. स्कोअर ही अनेक चाळण्यांपैकी एक. अर्ज आधी वय, पिनकोड, किमान उत्पन्न आणि कंपनीची वर्गवारी यांतून जातो. मग स्कोअर. त्यानंतर येतात थेट बाद करणारे नियम, आणि बहुतेकांचा घात इथे होतो: गेल्या १२ महिन्यांत कुठल्याही खात्यावर ३० दिवसांपेक्षा जास्त थकबाकी, ‘सेटल्ड’ (तडजोडीने बंद) किंवा ‘रिटन ऑफ’ (बुडीत म्हणून हिशेबातून काढलेलं) शेरा, अलीकडच्या काळात फार चौकश्या, म्हणजे अर्जांमुळे बँकांनी अहवाल उघडल्याच्या नोंदी. यातलं एक जरी लागलं तरी ७८० स्कोअरचा अर्जही संगणक माणसाच्या टेबलावर येऊ देत नाही. शेवटी पगारातला किती भाग हप्त्यांत जातो ते बघतात. ४० ते ५० टक्क्यांच्या पुढे गेलं की मर्यादा कमी मिळते किंवा मिळतच नाही.

ज्यांनी कधी कर्जच घेतलेलं नाही त्यांच्या अहवालात स्कोअरच्या जागी ‘एनएच’ किंवा ‘-१’ दिसतं. तो वाईट स्कोअर नव्हे, इतिहास नाही एवढाच त्याचा अर्थ. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत म्हटलं आहे. आपल्या अर्जदाराची गोष्ट तशी नाही. त्याच्याकडे इतिहास होता, हवा त्यापेक्षा जास्तच.

ॲपवर ७६८, बँकेकडे ६९४

भारतात चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघांची सूत्रं वेगळी, त्यामुळे १५-२० गुणांचा फरक नेहमीचाच. ७४ गुणांचा फरक मात्र सहसा नुसत्या सूत्रातून येत नाही. एवढी तफावत दिसली की एका अहवालात एखादं खातं आहे आणि दुसऱ्यात नाही, असं धरून चालावं.

ॲपने दाखवलेला आकडा सिबिलचा नव्हताच. बोलीभाषेत आपण सगळ्यालाच ‘सिबिल’ म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. स्कोअरच्या वर्तुळाखाली बारीक अक्षरात कोणत्या ब्युरोचा आकडा आहे ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचावं.

प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. २० जूनला अर्जदाराने चारही ब्युरोंच्या संकेतस्थळांवरून अहवाल उतरवून घेतले. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. सिबिलचा अहवाल उघडला तेव्हा स्कोअर ६९४ होता आणि खाती चार होती, तीन नव्हे.

पहिलं, दुचाकीचं कर्ज: हप्ता ३,२९४, सात हप्ते बाकी, सगळं वेळेवर. दुसरं, दीड लाखाचं वैयक्तिक कर्ज: ३६ महिने, हप्ता ५,२००, तेही चोख. दोन्ही मिळून ८,४९४, म्हणजे पगाराच्या साडेएकोणीस टक्के. इथवर कुठल्याही बँकेला तक्रार नसावी.

तिसरं होतं हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचं कर्ज. शेवटचा हप्ता १,७४९ रुपयांचा, तारीख ३ फेब्रुवारी. त्या दिवशी खात्यात पैसे कमी होते आणि मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची दिलेली परवानगी) बाउन्स झालं. फायनान्स कंपनीच्या लिंकवरून त्याने ७ मार्चला यूपीआयने पैसे भरले आणि विषय डोक्यातून काढून टाकला. अहवालात मात्र खातं उघडंच होतं: थकीत १,७४९, थकलेले दिवस ०२५, शेवटची नोंद २८ फेब्रुवारी २०२५. त्यानंतर कंपनीने त्या खात्याची माहितीच पाठवली नव्हती.

आणि चौथं. कर्जाचा प्रकार: व्यापारी वाहन. मंजूर रक्कम ४,२०,०००. कर्ज देणारी संस्था: तालुक्याच्या गावची एक नागरी सहकारी बँक. खातेदाराचं नातं: जामीनदार. महिन्यांच्या चौकटीत थकलेले दिवस: फेब्रुवारीपर्यंत ०००, मार्चला ०२६, एप्रिलला ०५६, मेला ०८७.

एक सही आणि तिचे तीन आकडे

२०२२ मध्ये मावसभावाने छोटा हत्ती घेतला, बाजार समितीत भाजीपाला आणायला-न्यायला. ‘दादा, नुसती सही पाहिजे, हप्ते मी भरणार आहे’ या वाक्यावर महाराष्ट्रात किती जामीनपत्रं झाली असतील याची गणती नाही. पाच वर्षांचं कर्ज, १३ टक्के व्याज, ९,५५७ चा हप्ता, दर महिन्याच्या ५ तारखेला. मार्चमध्ये गाडीच्या इंजिनचं काम निघालं, धंदा बंद पडला आणि हप्ते थांबले. मावसभावाने सांगितलं नाही. बँकेने नोटीस पाठवली ती जामीनपत्रावरच्या जुन्या भाड्याच्या पत्त्यावर.

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं आणि मग जामीनदाराकडे यावं, असा क्रम नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी बँकेला तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो. तो कर्जदार आणि जामीनदार दोघांवर निघतो आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. ब्युरोकडेही तोच न्याय. कर्जदार थकला की जामीनदाराच्या अहवालातली ओळ बिघडते आणि स्कोअरही घसरतो.

०८७ या आकड्याकडे नीट पाहायला हवं. ५ मार्चचा हप्ता चुकला. तिथून ३१ मेपर्यंत ८७ दिवस. ३० दिवस पूर्ण झाले की खातं बँकेच्या भाषेत एसएमए-१, ६० झाले की एसएमए-२ (या दोन्ही धोक्याच्या इशाऱ्याच्या पायऱ्या), आणि ९० पूर्ण झाले की एनपीए, म्हणजे बुडीत वर्गातलं. या खात्याचे ९० दिवस ३ जूनला भरले. अर्जदाराने पहिला अर्ज केला ४ जूनला. जामीन राहिलेलं कर्ज बुडीत वर्गात गेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो नवी उधारी मागत होता, आणि त्याला पत्ताही नव्हता.

मग पहिल्या बँकेला तेव्हा काय दिसलं? १ जानेवारी २०२५ पासून बँका ब्युरोला महिन्यातून दोनदा माहिती देऊ लागल्या होत्या: १५ तारखेची आणि महिनाअखेरची. बँकेला ती पाठवायला सात दिवस आणि ब्युरोला चढवायला पाच दिवस. म्हणजे ४ जूनला दिसली ती १५ मेची स्थिती, ७१ दिवस थकीत. १६ जूनला पगाराच्या बँकेला दिसली ३१ मेची, ८७ दिवस. दोन्ही ३० च्या कितीतरी वर. चारही नकारांचं मूळ हेच. मोबाइलच्या १,७४९ रुपयांनी त्यात भर घातली असेल. एकट्या त्या नोंदीवर सगळ्यांनी नकार दिला असता असं वाटत नाही.

ॲपवाल्या ब्युरोला हे कर्ज दिसलं नाही याचं कारण जामीनपत्रात सापडलं. पॅनचा रकाना कोरा होता, सोबत आधार आणि रेशनकार्डाची प्रत. नाव आडनावापासून सुरू: आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव. बाकी सगळीकडे स्वतःचं नाव आधी. सिबिलकडे जन्मतारीख, पत्ता आणि मोबाइल जुळून खातं बरोबर माणसाला चिकटलं. दुसरीकडे ते सुटं राहिलं. आपल्याकडे नावाचे तीन तुकडे तीन क्रमांनी लिहायची पद्धत आहे आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या अहवालात तर दोन-दोन अर्धवट इतिहास निघतात. एखाद्या ब्युरोकडे वाईट नोंद सुटलेली दिसली म्हणून हुरळून जाऊ नये. पुढच्या केवायसीत पॅन भरला गेला की ती येऊन चिकटते.

हेच जामीनपत्र पतसंस्थेत दिलेलं असतं तर बहुधा अहवालात काहीच आलं नसतं, कारण पतसंस्थांची कर्जं सहसा ब्युरोकडे जात नाहीत. नागरी सहकारी बँकांची जातात, चारही ब्युरोंकडे जायलाच हवीत. ‘आपल्या गावातली बँक, तिथलं कुठे सिबिलला दिसतंय’ हा समज आता सोडावा.

पैसे कधी भरायचे आणि किती

इथे सर्वात मोठी चूक होते ती अर्धे पैसे भरण्याची. खातं एनपीए झाल्यावर दोन हप्ते भरून ९० दिवसांच्या आत आणलं की सुधारलं, असं पूर्वी बऱ्याच ठिकाणी चालायचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं की व्याज आणि मुद्दल यांची सगळी थकबाकी भरली तरच खातं पुन्हा नियमित धरायचं. या प्रकरणात मार्च, एप्रिल, मे आणि जून असे चार हप्ते, म्हणजे ३८,२२८ रुपये. दंडात्मक शुल्क १,१५० धरून एकूण ३९,३७८. मावसभावाकडे २०,००० होते. तेवढेच भरले असते तर पैसे गेले असते आणि एनपीएचा शिक्का तसाच राहिला असता.

तारखेलाही तितकंच महत्त्व होतं. ३० जूनच्या माहितीत ००० यायचं तर त्याआधी पूर्ण रक्कम जमा हवी. २८ जूनला चौथा शनिवार, २९ ला रविवार. ३० ला काउंटरवर गर्दी, आणि चेक दिला तर वटायला एक दिवस. म्हणून २७ जूनला, शुक्रवारी, पैसे भरायचे ठरले. ५ जुलैचा हप्ताही वेळेवर जायला हवा होता, नाहीतर मोजणी पुन्हा सुरू. त्यासाठी मावसभावाने गाडीची दोन भाडी आगाऊ घेतली.

उरलेले १९,३७८ अर्जदाराने स्वतःच्या बचतीतून दिले, पण मावसभावाच्या हातात नाही. स्वतःच्या खात्यातून थेट कर्जखात्यात एनईएफटी केली, शेऱ्यात ‘जामीनदारातर्फे भरणा’ असं लिहिलं. याला कारण आहे. जामीनदाराने भरलेले पैसे कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १४५ ने दिला आहे, पण रोख हातात दिली तर तो भरणा जामीनदाराने केला हे दाखवायला काही उरत नाही. नात्यात कोर्टात कोणी जात नाही हे खरं. तरी बँकेचा उतारा दोघांकडे असला की दिवाळीत वाद होत नाहीत.

वसुली अधिकाऱ्याने मधल्या काळात एक वाट सुचवली होती: एकरकमी तडजोड, थोडी रक्कम माफ, खातं बंद. ऐकायला बरी, पण अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. बँक त्याचा अर्थ ‘पूर्ण पैसे दिले नाहीत’ असाच घेते. गाडी चालू आहे, हप्ते निघू शकतात, मग त्या वाटेला जायचं कारण नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी: २० जूनचा अहवाल हा तळ नव्हता. १५ जूनची स्थिती, १०२ दिवस थकीत, २५ जूनच्या सुमारास चढली आणि स्कोअर ६७१ वर आला. पैसे भरायच्या दोनच दिवस आधी आकडा आणखी घसरलेला पाहून माणूस घाबरतो आणि ‘स्कोअर वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एखाद्याला पाच-सात हजार देऊन बसतो. बरोबर असलेली नोंद कोणीही पुसू शकत नाही. चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. या दोन वाक्यांच्या मध्ये त्या लोकांचा धंदा आहे.

१,७४९ रुपयांची तक्रार

मोबाइल कर्जाची नोंद मात्र चुकीची होती, आणि तिच्यासाठी रीतसर रस्ता आहे. २३ जूनला सिबिलच्या संकेतस्थळावर त्या खात्यापुढे वाद नोंदवला: शिल्लक चूक, थकीत रक्कम चूक, खात्याची स्थिती चूक. अहवालाचा कंट्रोल नंबर, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, ७ मार्चच्या नोंदीचं बँक स्टेटमेंट. त्याच दिवशी तीच कागदं फायनान्स कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेलने. दोन्हीकडे एकदम जायचं, कारण ब्युरो स्वतःहून आकडा बदलत नाही. कंपनीने होकार दिल्यावरच बदलतो.

एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा कंपनीचा ना-हरकत दाखला, आधी मागवावी का? मिळाली तर उत्तम. पण तिच्यासाठी तक्रार अडवून ठेवू नये, कारण मुदत तक्रार नोंदवल्यापासून मोजली जाते. ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा नियम आहे. कर्ज देणाऱ्याने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवायची. त्याने वेळेत पाठवूनही ब्युरोने उशीर केला तर भरपाई ब्युरोने द्यायची. तक्रारीत बँक खातं किंवा यूपीआय आयडी भरलेला असावा, कारण निवारणानंतर पाच कामकाजाच्या दिवसांत रक्कम तिथे जमा करायची असते.

इथे ३० दिवस २३ जुलैला संपले. पहिलं उत्तर ‘आमच्या नोंदीनुसार माहिती बरोबर आहे’ असं आलं, जे अशा तक्रारींत सर्रास येतं. भरणा कर्जखात्याऐवजी कुठल्या तरी तात्पुरत्या खात्यात पडून राहिलेला असतो. व्यवहार क्रमांक पुन्हा पाठवल्यावर ५ ऑगस्टला खातं ‘बंद, शिल्लक शून्य’ झालं. २४ जुलै ते ५ ऑगस्ट, १३ दिवस, १,३०० रुपये. हप्ता होता १,७४९ चा. यानंतरही दाद मिळाली नसती तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता आलं असतं. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही लोकपाल योजनेत आहेत.

फेब्रुवारीचं ०२५ मात्र चौकटीत राहिलं, आणि ते योग्यच आहे. हप्ता खरोखर उशिरा गेला होता. आणखी एक लक्षात ठेवावं: स्कोअर काढायच्या सूत्रावर तक्रार करता येत नाही. ‘६९४ का, ७२० का नाही’ हा वाद कोणी ऐकत नाही. वाद माहितीवर घालायचा.

मग कार्ड कसं मिळालं

बिनतारण कार्डासाठी पाचवा अर्ज करायचा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं. चार चौकश्या १३ दिवसांत झाल्या होत्या. पाचवी बँक त्या चार ओळी बघते आणि विचारते, चौघांनी का नाही दिलं?

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने पगाराच्या बँकेतच ३०,००० ची मुदत ठेव केली आणि तिच्यावर कार्ड घेतलं. ठेवीच्या ९० टक्के, म्हणजे २७,००० ची मर्यादा. प्रत्येक बँकेचं प्रमाण आणि किमान ठेव वेगळी असते, आधी विचारावं. अशा कार्डाला बहुतेक ठिकाणी उत्पन्नाचा पुरावा लागत नाही आणि स्कोअरचा अडसरही फारसा येत नाही, कारण ठेवीवर बँकेचा बोजा असतो. ठेवीवर व्याज चालू राहतं. पण ‘ठेव आहेच, बुडालं तर त्यातून कापतील’ असा निर्धास्तपणा नको. बिल थकलं तर बँक ठेव मोडते आणि थकबाकीची नोंदही ब्युरोकडे जाते.

कार्डावर महिन्याला चार-साडेचार हजारांचाच खर्च: वीजबिल, मोबाइल, पेट्रोल. मर्यादेच्या ३० टक्के, इथे ८,१००, ओलांडायचे नाहीत. घरातल्या कोणाचा फ्रिज घ्यायचा म्हणून एकदम २२,००० चा खर्च केला आणि बिल वेळेवर भरलं, तरी १५ तारखेच्या किंवा महिनाअखेरच्या माहितीत ८१ टक्के वापर दिसतो. असा खर्च करावाच लागला तर बिलाची वाट न पाहता तारखेआधी पैसे भरून टाकावेत. बिलावरची ‘किमान देय रक्कम’ बघायचीच नाही. उरलेल्या रकमेवर महिना साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के व्याज लागतं. पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट पगाराच्या खात्याला जोडून टाकलं. तरी एखादा भरणा चुकलाच, तर मुदतीनंतर तीन दिवसांपर्यंत बँक ‘थकीत’ अशी नोंद पाठवू शकत नाही आणि विलंब शुल्कही लावू शकत नाही. ती सवलत अडचणीसाठी आहे, सवयीसाठी नाही.

जुलैच्या मध्यावर, जूनअखेरचं ००० चढल्यावर, स्कोअर ७०२ झाला. मोबाइलचं खातं बंद झाल्यावर ७१४. डिसेंबरात ७३१. सगळ्यांचा आकडा याच वेगाने चढतो असं नाही. ज्याच्याकडे जुनी आणि स्वच्छ खाती जास्त, त्याचा लवकर सावरतो.

७३१ ला तो पुन्हा अर्ज करू शकला असता. करू नये, असाच सल्ला होता. १२ महिने मागे बघणाऱ्या बँकेला मे २०२५ चं ०८७ मे २०२६ पर्यंत दिसत राहतं, आणि तोवर स्कोअर ७५० झाला तरी बाद करणारा नियम लागतोच. जून २०२६ चा शेवट ही पहिली शहाणपणाची तारीख. काही बँका २४ महिने बघतात. तिथे जून २०२७ उजाडेल. शिवाय दुचाकीचं कर्ज डिसेंबर २०२५ मध्ये संपतं, हप्त्यांचा वाटा १२ टक्क्यांवर येतो. सुरुवात पगाराच्या बँकेपासून करायची, तीही नेटबँकिंगमध्ये पूर्वमंजूर ऑफर आली आहे का ते बघून. ऑफर असली तरी शेवटच्या टप्प्यात बँक अहवाल काढतेच, म्हणून त्याआधी आपण तो पाहून घ्यायचा.

हप्त्यांच्या वाट्याचा हिशेब करताना जामीनही धरावा. कर्ज नियमित असतं तेव्हा बऱ्याच बँका जामीनदाराच्या बाजूला तो हप्ता मोजत नाहीत. थकलं की काही जण मोजतात. जूनमध्ये तसं केलं असतं तर ८,४९४ अधिक ९,५५७, पगाराच्या साडेएकेचाळीस टक्के.

जामीन अजून बाकी आहे

वाहन कर्जाचा शेवटचा हप्ता सप्टेंबर २०२७ मध्ये आहे. मुदतीच्या कर्जाला दिलेला जामीन एकतर्फी मागे घेता येत नाही. ‘मी आजपासून जामीन नाही’ असं पत्र देऊन काही होत नाही. त्यामुळे जुलैत अर्जदाराने सहकारी बँकेला एकाच पत्रात तीन गोष्टी मागितल्या: नवा पत्ता, पॅन आणि मोबाइल नोंदवावा, हप्ता चुकला तर एसएमएस जामीनदारालाही जावा, आणि जामीनदार बदलून द्यावा.

पहिल्या दोन मागण्या शाखेतच मान्य झाल्या. पॅन दिल्याने आता हे कर्ज चारही ब्युरोंकडे दिसणार आणि ॲपवरचा ७६८ खाली येणार, हे माहीत असूनही ते केलं. तिसऱ्या मागणीसाठी बँकेने मावसभावाकडे पर्यायी जामीनदार मागितला आहे: पगारदार असावा, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप द्याव्यात, बँकेचा सभासद असावा. असा माणूस मिळाला तर कर्ज समितीपुढे अर्ज, मंजुरी, नवं जामीनपत्र, आणि मग जुन्या जामीनदाराला मुक्ततेचं लेखी पत्र. ते पत्र हातात पडलं की काम संपत नाही. पुढच्या दोन पंधरवड्यांची माहिती चढल्यावर अहवाल काढून ती ओळ जामीनदाराच्या नावाखालून गेली आहे का ते तपासायचं, आणि गेली नसेल तर तेच पत्र जोडून पुन्हा तोच वाद नोंदवायचा, ३० दिवसांच्या घड्याळासकट.